प्रॉक्सीचे दार

परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ सालचे. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. परदेशी शोधपत्रिकांची वर्गणी अशा विद्यापीठांना नेहमीच जड जाते. २००७ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने ‘सेरा’ हा ग्रंथालयांचा समूह उभा राहिला आणि देशभरच्या कृषी विद्यापीठांत या पत्रिका संगणकावर वाचता येऊ लागल्या. वाचक आपलाच आहे हे प्रकाशकाने कसे ओळखायचे? मागणी ज्या संगणकाकडून आली त्याच्या आयपी पत्त्यावरून.

इथेच प्रॉक्सी सर्व्हरचा संबंध येतो. प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ. शाळेच्या खात्यावर दुकानातून सामान आणणारा शिपाई डोळ्यांसमोर आणा. दुकानदार शिपायाला ओळखतो. चिठ्ठी कोणाची हे तो पाहत नाही. शिपायाने रस्त्यावरच्या कोणाचीही चिठ्ठी घेतली, तरी सामान शाळेच्याच खात्यावर पडणार.

वेबसाठी असा शिपाई जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत तयार झाला. आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी १९९४ च्या पहिल्या वेब परिषदेत त्याची माहिती दिली. संरक्षक भिंतीआडच्या मंडळींना बाहेरची पाने मिळावीत, एकदा आणलेले पान जपून पुन्हा देता यावे, हा हेतू. १९९६ मध्ये अपाची सर्व्हरमध्येही ही सोय आली. चिठ्ठी तपासण्याचे काम सर्व्हर चालवणाऱ्यावर राहिले, आणि पुष्कळ ठिकाणी ते राहूनच गेले.

२००२ मध्ये अमेरिकेतील ‘जेस्टोर’ या संग्रहातून विद्यापीठांच्या उघड्या प्रॉक्सींमार्फत पन्नास हजारांहून अधिक लेख उतरवले गेले. नोंदीत वाचक विद्यापीठाचाच दिसत होता! अशा वेळी प्रकाशक तो पत्ताच बंद करू शकतो. मग प्रबंध लिहिणाऱ्या प्रामाणिक विद्यार्थ्याचे वाचन थांबते.

नको असलेली जाहिरातपत्रे पाठवणाऱ्यांनीही ही वाट धरली. सांकेतिक रूपातील संवादासाठी असलेल्या ‘कनेक्ट’ या आज्ञेने ते प्रॉक्सीला टपालाच्या २५ क्रमांकाच्या द्वाराशी जोडायला सांगत. म्हणून अपाचीने ही आज्ञा ४४३ आणि ५६३ या द्वारांपुरती ठेवली. ‘प्रॉक्सीरिक्वेस्ट्स’ ही कळ तर मुळातच बंद असते. आपल्याच मागच्या सर्व्हरकडे मागण्या वळवायच्या असतील, तर ती उघडावी लागतच नाही. अनेकजण ती उगाच उघडतात. उघडायचीच झाली, तर आधी आतल्या पत्त्यांची यादी द्यावी, घरून वाचणाऱ्यांना परवलीचा शब्द द्यावा आणि सर्व्हरची नोंदवही अधूनमधून चाळावी. परक्या पत्त्यांच्या मागण्या तिच्यात लगेच दिसतात.