परिचारिकेच्या हातची सुई

छत्रपति संभाजीनगरास घाटी रुग्णालयांत ज्यांस एखादी रात्र काढावी लागली, त्यांस परिचारिकेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. रोग्याच्या नाडीची खबर प्रथम तिला लागते. परंतु औषध कोणतें द्यावयाचें हें कागदावर लिहिण्याचा हक्क डॉक्टरांचा. ही वांटणी कशी झाली व कोठें मोडली, तें पाहण्याजोगें आहे.

मुंबई इलाख्यांत डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ सालीं झाला, परिचारिका व सुइणींचा १९३५ सालीं. औरंगाबाद तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें हे कायदे येथें लागू नव्हते. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्याच वर्षीं शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. घाटी तें त्याचेंच रुग्णालय. पुढें १९६६ चा महाराष्ट्राचा परिचारिका कायदा आला. या कायद्यांचा सारा भर शिक्षण व नोंदणी यांवर होता. डॉक्टर जवळ नसतां परिचारिकेनें काय करावें?

खरा प्रश्न तोच होता, आणि तो शहरांत नव्हे, खेड्यांत उभा राहिला. प्रसूतीनंतर रक्त थांबत नाहीं. उपकेंद्रांत सिस्टर एकटी. तिनें सुई टोंचावी कीं डॉक्टरांची वाट पाहावी? २००५ सालच्या केंद्र सरकारच्या सूचनांनीं अशा प्रसंगीं कांहीं नेमकीं औषधें देण्याची तिला मोकळीक दिली. तान्ह्या बालकांच्या बाबतींत मात्र विलंब लागला. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांस नवजाताचा जंतुदोष ओळखून जेंटामायसिन टोंचण्यास शिकविलें. ३९ गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण त्यामुळें तिसऱ्या वर्षीं, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटलें, हें १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालें. सरकारी उपकेंद्रांतील परिचारिकेस तीच सुई टोंचण्याची परवानगी मिळण्यास २०१४ उजाडलें! तीही मुख्यतः रुग्णालयांत पाठविण्यापूर्वींच्या पहिल्या मात्रेपुरती. पाठविणें अशक्यच झालें, तर पुढील मात्रांचीही.

येथें एक विपरीत गोष्ट दिसते. दोन वर्षें शिकलेली उपकेंद्रांतील सिस्टर स्वतःच्या जबाबदारीवर औषध देते. चार वर्षांची पदवी घेतलेली परिचारिका अतिदक्षता विभागांत सहीची वाट पाहते. अधिकार विद्येनें मोजला गेला नाहीं. डॉक्टर किती कोस दूर, यावरून मोजला गेला. २०१६ च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठीं दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम निघाला. तो शिकलेल्या 'नर्स प्रॅक्टिशनर'नें रुग्णालयानें ठरविलेल्या लेखी नियमांप्रमाणें औषधें द्यावींत, अशी योजना आहे.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यानें 'समुदाय आरोग्य प्रदात्यां'स प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांत नेमकीं औषधें स्वतंत्रपणें देण्याची वाट ठेवली. अन्यत्र डॉक्टरांची देखरेख. डॉक्टरांच्या संघटनेनें हें भोंदूंस परवाना देणें होय असें म्हणून संप केले. ती भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु शिकलेल्या परिचारिकेस भोंदूच्या पंक्तीस बसविणें आम्हांस पटत नाहीं.

त्याच्या आदल्याच वर्षीं सुईणकामाची निराळी व्यवस्था जाहीर झाली होती. अठरा महिन्यांचें विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेनें सुलभ प्रसूति स्वतः कराव्या, अवघड लक्षण दिसतांच डॉक्टरांस बोलवावें. येथें देखरेखीची रेषा बाळंतिणीच्या प्रकृतीवरून आंखली आहे.