धंद्यात आत्मविश्वास येतो कुठून?

‘आपल्या पोरांत आत्मविश्वास नाही, म्हणून ती धंद्यात मागे,’ असं आपलेच लोक म्हणतात. हे अर्धसत्य आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजाराचा सल्ला देणारी कंपनी काढली. जात कळताच गिऱ्हाईक यायचं थांबलं. कमी आत्मविश्वास नव्हता. बाजारालाच जात होती.

मग विकायचं कसं? त्याच काळात अमेरिकेत मॅडम सी. जे. वॉकर यांनी वाट काढली. आईवडील गुलामीतून सुटलेले, स्वतः विसाव्या वर्षी विधवा, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या. केस गळण्याचा त्रास त्यांनी स्वतः भोगला होता. म्हणून केसांचं औषध घेऊन त्या कृष्णवर्णीय बायकांच्याच दारोदार गेल्या, वापरून दाखवलं, मग विकलं. पुढे हजारो बायकांना विक्री शिकवली. १९१२ च्या कृष्णवर्णीय व्यापारी परिषदेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी दुर्लक्ष केलं, तरी त्या उठून बोलल्याच. पुढच्या वर्षी सन्मानाने व्यासपीठावर होत्या. १९१७ मध्ये त्यांच्या विक्रेत्या बायकांनी अधिवेशनातून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना झुंडबळींविरुद्ध तार पाठवली.

मित्रांनो, आत्मविश्वास भाषणातून येत नाही. आपल्या माणसाचं दुखणं ओळखा, दारात जा आणि संघटित होऊन विका. जय भीम!