मुलांचे वाङ्मय आणि पुस्तकांची देवघेव

मंडळाच्या स्मरणिकेत परीक्षांत यश मिळविलेल्या मुलामुलींची नावे दरवर्षी मोठ्या कौतुकाने छापली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु नेमलेल्या पाठ्यपुस्तकांपलीकडे ही मुले काय वाचतात, त्यांच्यासाठी आजवर कोणी काय लिहिले आणि ते त्यांच्या हाती कोणी पोचविले, ह्याचा विचार आपल्यात फारसा होत नाही. ज्यांचे सारे आयुष्य शाळेत गेले, त्या आम्हांसारख्यांस ही उणीव विशेष जाणवते. म्हणून ह्या विषयाचा इतिहास थोडक्यात ज्ञातिबांधव व भगिनींपुढे मांडण्याचे योजिले आहे.

मराठी मुलांसाठी छापलेले पहिले पुस्तक पुण्यामुंबईत निघाले नाही. ते निघाले दूर तामिळ मुलखात, तंजावरास. तेथील विद्याव्यासंगी राजे सरफोजी भोसले यांच्या आश्रयाने १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक छापले गेले. त्यात इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या होत्या. म्हणजे गोष्टी मूळच्या ग्रीक, छापखाना तामिळ देशी, आश्रयदाता मराठा राजा आणि वाचक मराठी बालक असा हा योग होता. त्यानंतर बंगाल्यात श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांच्या मिशनच्या छापखान्यातून १८१४ साली ‘सिंहासनबत्तिशी’ व १८१५ साली ‘हितोपदेश’ मराठीत निघाले. त्यांची छपाई मोडी लिपीत होती.

मुंबईत १८२२ साली हैंदशाळा पुस्तक मंडळी स्थापन झाली आणि शाळांसाठी पुस्तके तयार करण्याच्या कार्यास शिस्त आली. ह्या मंडळीचे काम करणारे सदाशिव काशीनाथ छत्रे, ऊर्फ बापू छत्रे, यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. बेर्कें ह्या फ्रेंच लेखकाचे मूळ पुस्तक इंग्रजीत गेले होते व तेथून ते छत्र्यांनी मराठीत आणले. त्याच वर्षी त्यांच्या ‘इसापनीतिकथा’ही निघाल्या. आजच्या वाचकास त्या पुस्तकांतील उपदेश अंमळ जड वाटेल. परंतु मुलांस समजेल असे सरळ मराठी गद्य लिहिण्याचा परिपाठ नसताना छत्र्यांनी ती वाट पाडली, हे विसरता येत नाही.

तथापि पुस्तक छापले म्हणजे ते मुलांच्या हाती गेलेच असे नव्हे. त्या काळी शाळेत जाणारी मुले थोडी, मुली त्याहून थोड्या. आणि समाजाच्या कित्येक थरांतील मुलांस तर शाळेचा उंबरठाही बंद होता. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांस केवढा छळ सोसावा लागला हे सर्वश्रुत आहे. बालवाङ्मयाचा इतिहास सांगताना लेखकांच्या नावांइतकीच ही गोष्टही ध्यानात ठेविली पाहिजे.

मासिकांच्या युगात ज्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते ते विनायक कोंडदेव ओक. रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी येथे १८४० साली त्यांचा जन्म झाला व शिक्षणखात्यात त्यांनी नोकरी केली. १८८१ साली त्यांनी ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले आणि १९१४ साली मृत्यू येईपर्यंत तेहेतीस वर्षे ते चालविले. एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय अशी त्यातील मजकुराची ठरीव मांडणी असे. चारशेंवर अंक एका व्रतस्थ वृत्तीने काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी एखाद्या वर्षी स्मरणिकेचा एक अंक वेळेवर काढण्याची खटपट केली आहे त्यांस सांगावयास नको. पुढे १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यास ‘आनंद’ मासिक काढले आणि बोधापेक्षा आनंदास अग्रस्थान दिले. मासिकाच्या नावातच तो पालट दिसून येतो.

साने गुरुजींचे उदाहरण आम्हां शिक्षकांस अधिक जवळचे. अमळनेरच्या छात्रालयातील मुलांसाठी ते स्वहस्ते लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढीत. छापखाना नाही, वर्गणी नाही, प्रसिद्धी नाही. वाचक म्हणजे छात्रालयातील मुले. अशा रोजच्या लेखनातून ज्यांचा हात तयार झाला, त्या गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली व १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. १९५२ साली मद्रासहून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला व अनेक वर्षे घराघरांत वाचला गेला. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे हा धाडसी मुलगा निर्माण करून कुमारवयीन वाचकांस आपलासा नायक दिला. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले व त्याने १९७१ साली ‘किशोर’ मासिक सुरू केले. त्याचे जुने अंक आता संगणकावर व मोबाइलवर कोणासही विनामूल्य वाचता येतात. पुस्तके मिळतच नाहीत ही सबब आज चालण्यासारखी नाही.

लिहिणाऱ्यांची परंपरा अशी मोठी आहे. पोचविणाऱ्यांची परंपरा मात्र कमी सांगितली जाते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळेत शिकलेले अक्षर शाळा सुटल्यावर विसरले जाऊ नये, म्हणून त्यांनी १९१० साली बॉर्डेन ह्या अमेरिकन ग्रंथपालास आणवून मोफत वाचनालयांची योजना आखली. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते. आणि जेथे वाचनालय नाही अशा खेड्यांस लाकडी पेट्यांतून पुस्तके धाडली जात. एका गावी वाचून झाली की पेटी परत येई व पुढील गावी रवाना होई. गाव पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तकाने गावाकडे जावे, हे ह्या योजनेचे मर्म होते.

आता ज्या एका प्रसंगासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, तो सांगतो. मुंबईस चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा नित्य वाचीत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या शिक्षकांच्या दृष्टीस पडे. केळुसकर नामांकित ग्रंथकार. मुलगा महार ज्ञातीचा, भीमराव आंबेडकर. केळुसकरांनी त्याची विचारपूस केली व त्याच्या वाचनास वळण लावले. पुढे परीक्षेतील यशाबद्दल भीमरावाच्या ज्ञातिबांधवांनी त्याच्या गौरवार्थ सभा भरविली. चरित्रकार हा प्रसंग १९०७ सालच्या मॅट्रिकच्या यशाचा म्हणून सांगतात, खुद्द डॉ. आंबेडकरांनी तो इंग्रजी चौथीच्या वेळचा म्हणून नमूद केला आहे. साल कोणतेही असो, त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलास भेट दिले. पुढे बडोद्याच्या महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती त्यास मिळाली, तीही केळुसकरांच्याच खटपटीने.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास काय घडले ते साऱ्या जगास ठाऊक आहे. एका पुस्तकामुळे ते घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यामागे पन्नास वर्षांचे अध्ययन, अपमान व चिंतन होते. परंतु त्याच वर्षी आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत डॉ. आंबेडकरांनी त्या भेटीचा आवर्जून उल्लेख केला, हेही तितकेच खरे. शाळकरी वयात हाती आलेले पुस्तक आयुष्याच्या अखेरीपर्यंत सोबत करते, ह्याहून मोठा पुरावा कोणता हवा?

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ती सभा म्हणजे ज्ञातीने भरविलेला गुणगौरव समारंभच होता. आपण दरवर्षी भरवितो तसाच. अशा समारंभात आज आपण काय देतो? शाल, श्रीफळ, भिंतीवरील घड्याळ, मानचिन्ह. देणाऱ्यांच्या भावनेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु मानचिन्ह कपाटावर धूळ खात बसते, आणि मुलाच्या मनात शिरण्याची शक्ती त्यात नसते.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही दोन सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली, गुणगौरवात प्रत्येक मुलामुलीस वयास साजेसे एक तरी पुस्तक द्यावे, व देणाऱ्याने ते आधी स्वतः वाचलेले असावे. दुसरी, बडोद्याच्या धर्तीवर पन्नास पुस्तकांची एक पेटी करावी व ती दर दोन महिन्यांनी एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत न्यावी. नोंदवही मुलांनीच ठेवावी. फाटलेल्या पुस्तकाबद्दल दंड आकारू नये. कुलपात राहून कोरे राहिलेले पुस्तक हीच खरी हानी होय.

पेटीचा लाभ ज्ञातीतील मुलांपुरताच असावा, कारण पैसा ज्ञातीचा आहे, असे काही बांधवांचे म्हणणे आहे. निधीच्या बाबतीत हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. शिष्यवृत्तीचे नियम आहेत तसे असावेत. परंतु पुस्तकाचा धर्म निराळा आहे. शिष्यवृत्तीची रक्कम एकास दिली की दुसऱ्यास उरत नाही. पुस्तक दहांनी वाचले तरी अकराव्यासाठी ते तसेच शिल्लक राहते. इसाप ग्रीसचा होता, आणि आपले पंचतंत्र इराण व अरबस्तान ओलांडून युरोपात गेले. केळुसकरांनी पुस्तक देताना घेणाऱ्याची ज्ञात पाहिली असती, तर आपला सारा देश एका ऋणास मुकला असता. शेजारच्या घरातील मूल पेटीपाशी येऊन उभे राहिले, तर त्यास तुझे आडनाव काय असे आपल्या मुलांनी विचारावे काय? हा प्रश्न पन्नास पुस्तकांपुरता नाही. आपली मुले कशी घडणार, हे त्याच्या उत्तरावर ठरणार आहे.

हल्लीची मुले मोबाइल सोडीत नाहीत, ती पुस्तक काय हाती धरणार, असाही आक्षेप येईल. आमचा अनुभव असा की, घरात वडील माणसे वाचताना दिसली तर मुले वाचतात. नुसत्या सांगण्याने वाचीत नाहीत. अवांतर वाचनाने गुण कमी होतात ही समजूतही निराधार आहे. ज्या मुलास गोष्टीची गोडी लागली, त्यास धडा वाचण्याचा कंटाळा सहसा येत नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे पेटीचा विषय यावा अशी विनंती आम्ही लेखी दिली आहे. सभासदांनी त्या दिवशी अवश्य उपस्थित राहावे, आणि येताना आपल्या घरातील मुलांची वाचून झालेली दोन पुस्तके बरोबर आणावीत. ठराव संमत होईल तेव्हा होईल. पेटी भरावयास त्याच दिवशी आरंभ करता येईल.