56 डिग्री, कूलर आणि घामाचा इतिहास

मी नागपूरचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो, आणि आजचा विषय आहे घाम. हसू नका, घामालाही इतिहास आहे.

30 मे 2024 आठवतंय? नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क 56 डिग्री दाखवले. स्क्रीनशॉट गावभर फिरले. मग हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडलाय. शहराचा खरा विक्रम मे 2013 चा, 47.9 डिग्री. पण तेही काय कमी आहे का? बाहेर 47 आणि आपल्या आत मात्र 37. हे जमतं कसं?

चला लंडनला, साल 1774. चार्ल्स ब्लॅगडेन नावाचा डॉक्टर मित्रांसोबत तापवलेल्या खोलीत शिरला. हवा कोरडी, तापमान जवळपास 127 डिग्री. आत ठेवलेली अंडी शिजून टणक झाली, मांसाचा तुकडा भाजून निघाला. आणि ही माणसं काही मिनिटांनी चालत बाहेर आली! याच प्रयोगांत अजून एक गंमत दिसली. आत ठेवलेलं उघडं पाणी उकळतच नव्हतं. त्यावर तेलाचा थर दिला, तेव्हा कुठे उकळलं. म्हणजे बघा, वाफ होऊन उडताना पाणी स्वतःला थंड ठेवत होतं. तेलाने ती वाट बंद केली.

आपला घाम हेच करतो. एक लिटर घाम उडाला की साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण उडाला तर! नुसता टपकला तर पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवा शून्य.

पुढे 19व्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी मांडलं की शरीराच्या आतलं वातावरण स्थिर असतं, म्हणून आपण बाहेर मोकळे फिरू शकतो. 1926 मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी याला नाव दिलं, होमिओस्टॅसिस. माझ्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप. मेंदूतला हायपोथॅलॅमस तापमान बघतो, वाढलं की कातडीकडचं रक्त वाढवतो, घाम सोडतो, आणि परत बघतो.

मग हा लूप तुटतो कधी? 1905 मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी कॉर्नवॉलच्या खाणींच्या निमित्ताने हे तपासलं. त्यांना दिसलं की साध्या थर्मामीटरपेक्षा ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर जास्त खरं सांगतो, कारण त्यात हवेतला ओलावाही मोजला जातो. हवा स्थिर असेल आणि हा ओला आकडा साधारण 31 च्या वर गेला, की शरीराचं तापमान चढायला लागतं.

नागपूरकरांना हे वेगळं शिकवायला नको. मे महिन्यात ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घर गार करतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, की तोच कूलर नुसती चिकचिक करतो. कूलर तोच, पाणी तेच, फक्त हवा आता पाणी घेत नाही. आपल्या घामाचंही तसंच होतं.

आता खारघर. 16 एप्रिल 2023, महाराष्ट्र भूषण सोहळा. लाखो लोक भर दुपारी उघड्या मैदानात बसलेले. पारा 38 च्या आसपास. आपण विदर्भवाले म्हणू, "38? हे तर आमचं मार्चातलं ऊन!" पण तिथे 14 माणसं गेली. डोक्यावर थेट ऊन, खाडीकाठची दमट हवा, दाटीची गर्दी आणि तासन्तास बसणं. 38 हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

म्हणून सांगतो, फोनवर पारा बघता ना, त्याच्या खाली आर्द्रताही लिहिलेली असते. तीही बघा. कोरड्या मेमध्ये घाम लगेच उडतो, अंग कोरडंच वाटतं आणि पाणी किती गेलं ते कळत नाही. तेव्हा तहान लागायची वाट न बघता पाणी, मीठ घातलेलं ताक, पन्हं पीत राहा. दमट दिवसांत पाण्यासोबत सावली, वारा आणि आराम हवाच. खिशातला कांदा यातलं काहीच करत नाही, भाऊ.

आणि उन्हात कुणी बरळायला लागलं, भोवळ येऊन पडलं, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, जोरात वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. त्याचा लूप तुटलाय. मदत येईपर्यंत त्याचा कूलर तुम्हीच.

भेटू पुढच्या भागात. पाण्याची बाटली भरून घ्या!