एक अक्षर, दोन कोकरं

तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडीला आली की पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. इंदापूर तालुक्यातल्या आजोळी असताना मी ते लहानपणी पाहिलंय. त्या मेंढ्यांची खरी गोष्ट मात्र मला कळली सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागल्यावर.

आपली दख्खनी मेंढी काटक. ऊन, दुष्काळ, मैलोन्‌मैल चाल, सगळं सोसते. पण एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते. धनगराचं उत्पन्न कोकरांवर. मग जुळं देणारी मेंढी कुठून आणायची?

उत्तर होतं बंगालच्या सुंदरबनात. तिथली गॅरोल मेंढी अंगानं अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे तिथल्या 'बुरुला' मेरिनो मेंढ्या जास्त कोकरांसाठी गाजल्या. हा गुण बंगालहून आला असावा, असं हेलन न्यूटन टर्नर या शास्त्रज्ञ बाईंनी जुन्या नोंदींवरून मांडलं. २००१ मध्ये तीन गटांनी त्यामागचा जनुकीय बदल शोधला: डीएनएतलं एकच अक्षर, 'ए'च्या जागी 'जी'. नाव 'फेक-बी'. गॅरोलमध्येही नेमका तोच बदल सापडला.

आता बारामतीहून नीरा ओलांडून फलटणला या. तिथं १९६८ मध्ये बी. व्ही. निंबकर यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी गॅरोलचा संकर दख्खनीशी केला. पण नुसता संकर केला तर कोकरू अर्धं गॅरोल, म्हणजे अंगानं बारकं. म्हणून संकरित पिढी पुन्हा दख्खनीशी जुळवायची. प्रत्येक फेरीत गॅरोलचा वाटा निम्मा होतो: ५० टक्के, २५, मग साडेबारा.

अडचण अशी की जनुकाची एक प्रत असलेल्या आईबापाकडून ती निम्म्याच कोकरांना मिळते. कुणाला मिळाली, हे बघून कळत नाही. मेंढ्यात तर हा गुण दिसतच नाही, कारण तो विणार थोडाच! त्याच्या लेकी वितील तेव्हा कळणार, म्हणजे वर्षं गेली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीनं डीएनए चाचणी आली आणि थोड्या रक्तावर कोकरू लहान असतानाच निवड करता येऊ लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा कोड न उचलता हवी तेवढीच एक ओळ घ्यायची.

यातून 'नारी सुवर्णा' मेंढी उभी राहिली. इथं अजून एक हिशोब आहे. दोन प्रती असलेल्या मेंढीला तिळी होण्याची शक्यता वाढते, आणि तिघांना दूध पुरवणं आईला जड. म्हणून दोन प्रतींचा मेंढा धनगराच्या साध्या कळपात सोडायचा: प्रत्येक लेकीला बरोबर एक प्रत मिळते.

तरीही जुळ्यांना आणि त्यांच्या आईला जास्त चारा लागतो, जास्त लक्ष लागतं. चाचणी कोकरू निवडून देते. वाढवायचं ते धनगरालाच, आणि बऱ्याचदा घरातल्या बायकांनाच. यंदा काटेवाडीचं रिंगण बघाल तेव्हा हे आठवा. भेटू पुढच्या भागात!