मऊ प्रवाळ, घरगुती मत्स्यालयातील : आरोग्यपरीक्षण

खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळलेल्या मऊ प्रवाळांची ठेवण, रंग, पॉलिपांची हालचाल आणि बुडाचे ऊतक पाहून त्यांच्या प्रकृतीचा अंदाज बांधण्याची रीत. एका वेळच्या पाहणीला यात फारसे मोल नाही. निवह (पॉलिपांची वसाहत) काल कसा होता आणि आज कसा आहे, यावर निदान ठरते.

वर्गीकरण : मऊ प्रवाळ हे अष्टप्रवाळांत (ऑक्टोकोरॅलियात) मोडतात. त्यांच्या प्रत्येक पॉलिपाला पिसासारखे आठ संस्पर्शक असतात. जुन्या ग्रंथांत दिलेला ॲल्सिओनेशिया हा गण २०२२ च्या पुनर्रचनेत मोडला आणि मॅलॅकॅल्सिओनेशिया व स्क्लेरॅल्सिओनेशिया असे दोन गण झाले. कोल्हापूरच्या गुजरीत (सराफ बाजारात) अंगठीसाठी मिळणारे अस्सल तांबडे पोवळे (कोरॅलियम रुब्रम) हाही अष्टप्रवाळच. त्यामुळे टाकीतले सार्कोफायटन (लेदर कोरल) हे शेजारच्या दगडी प्रवाळापेक्षा त्या पोवळ्याचे जवळचे नातलग ठरते. झोआंथस, पॅलिथोआ आणि मशरूम (डिस्कोसोमा) यांना दुकानदार ‘सॉफ्ट कोरल’ म्हणत असले, तरी ते अष्टप्रवाळ नव्हेत.

लक्षणे : मऊ प्रवाळाला सलग सांगाडा नसतो. ऊतकात विखुरलेल्या चुन्याच्या सूक्ष्म कंटिका आणि आत भरलेले पाणी यांच्या जोरावर तो उभा राहतो. क्षारता किंवा तापमान बिघडले की अंग आक्रसते वा एका अंगाला कलते. मान लांब करून वर ताणलेला निवह बहुधा प्रकाशाला भुकेलेला असतो.

सर्वाधिक घोटाळा सार्कोफायटनच्या बाबतीत होतो. हा प्रवाळ अधूनमधून पॉलिप आत घेतो. पृष्ठभाग मेणकट, चकचकीत होतो आणि त्यावर शैवल साचते. काही दिवसांनी, क्वचित दोन-तीन आठवड्यांनी, हा पापुद्रा सुटून जातो आणि पॉलिप पुन्हा बाहेर येतात. हा रोग नव्हे, अंग स्वच्छ करण्याची क्रिया आहे. पॉवरहेडचा (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचा) झोत थोडा वाढवला तर पापुद्रा लवकर निघतो. मात्र या काळात घाबरून रोज टाकीतली जागा, पाणी आणि औषध बदलणारे लोक निरोगी प्रवाळ मारतात. खरी खूण बुडाशी असते. तेथील ऊतक घट्ट असेल तर थांबावे. काळे-तपकिरी डाग, तार सुटणारा चिकटा आणि कुजकट वास असेल तर थांबू नये. सडका भाग धारदार पात्याने निरोगी ऊतकापर्यंत कापून काढतात. उरलेल्या तुकड्यापासून नवा निवह वाढू शकतो.

झेनिया व हेटेरोझेनिया या मऊ प्रवाळांचे पॉलिप मुठीसारखे उघडझाप करतात. या स्पंदनाने सहजीवी शैवलांचे प्रकाशसंश्लेषण वाढते, असे हेटेरोझेनियावरील २०१३ च्या संशोधनात दिसले. त्यातच दुपारी स्पंदन थोडा वेळ थांबत असल्याचीही नोंद आहे. त्यामुळे स्पंदन थांबले एवढ्यावरून निवह आजारी ठरवता येत नाही. स्पंदनासाठी आयोडिनाची मात्रा द्यावी की नाही, याबाबत पाळणाऱ्यांत एकमत नाही.

रंग : ऊतकातील झूओझँथेली शैवले तपकिरी छटा देतात. ती कमी झाली की निवह फिकट पडतो (विरंजन). गडद रंग मात्र तब्येतीची हमी नव्हे. कमी उजेडात किंवा नायट्रेट वाढल्यानेही शैवले दाटतात. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ उपक्रमातील रंगपट्टीवर चार छटा व प्रत्येकीच्या सहा पायऱ्या आहेत. दोन पायऱ्यांचा फरक पडला तर तो खरा बदल मानतात. पट्टी समुद्रातील पाहणीसाठी केलेली आहे. निळ्या एलईडीखाली ती फसवते, म्हणून पांढरा दिवा लावूनच ताडून पाहावी. मालवण सागरी अभयारण्यात (घोषणा १९८७, क्षेत्र २९.१२ चौ. किमी.) विरंजनाच्या नोंदी झाल्या आहेत, पण त्या मुख्यतः दगडी प्रवाळांच्या.

पाणी : क्षारता हजारी ३५ (विशिष्ट गुरुत्व सु. १.०२५), तापमान २४ ते २७° से., अल्कलिनिटी ८ ते ११ डीकेएच. नळाचे किंवा बोअरचे पाणी थेट वापरत नाहीत. आरओ-डीआय (क्षारमुक्त केलेल्या) पाण्यात सॉल्ट मिक्स कालवतात.

कोल्हापुरातील परिस्थिती : समुद्र घाटाखाली असल्याने ताजे सागरी पाणी हाताशी नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३५° से.च्या वर जातो, तेव्हा टाकीवर पंखा लावतात. बाष्पीभवनाने पाणी गार होते, पण क्षारता चढते, म्हणून तूट गोड्या आरओ पाण्यानेच भरावी लागते. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग घटतो. पंचगंगेच्या महापुरात (२०१९, २०२१) शहराच्या मोठ्या भागाची वीज गेली होती. पंप बंद पडल्यावर प्रथम घटतो तो प्राणवायू, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप येथे चैन नव्हे. वीज आल्यावर मिटलेले पॉलिप दिसले, तर निदान करण्याआधी एक-दोन दिवस जाऊ द्यावेत.

धोके : पॅलिथोआ व काही झोआंथस यांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते. हातमोजे व चष्मा वापरावा. असे प्रवाळ असलेला दगड कधीही उकळू नये, कारण विषारी वाफ फुप्फुसात जाते. लेदर कोरल टर्पीन वर्गातील रसायने पाण्यात सोडतात, त्यामुळे शेजारचे दगडी प्रवाळ खंगतात. यावर सक्रिय कोळसा वापरतात.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ व समुद्रपंखे घातले गेले. यांपैकी शेवटचे दोन अष्टप्रवाळ आहेत.

आहार : बहुतेक जातींना मुख्यतः प्रकाश पुरतो, पण डेंड्रोनेफ्थिया या प्रजातीत झूओझँथेली नसल्याने ती घरगुती टाकीत सहसा उपाशी मरते.