विच्छा माझी पुरी करा
विच्छा माझी पुरी करा हे वसंत सबनीस यांनी लिहिलेले मराठी विनोदी लोकनाट्य आहे. ‘छपरी पलंगाचा वग’ या नावानेही ते ओळखले जाते. एका काल्पनिक राज्यात घडणाऱ्या या वगातून सत्ता, वशिला आणि सरकारी यंत्रणा यांचा उपहास केलेला आहे. इ.स. १९६० च्या दशकात दादा कोंडके यांनी आपल्या नाट्यसंस्थेतर्फे ते रंगभूमीवर आणले. कोंडके यांनी रंगविलेला हवालदार लोकप्रिय झाला आणि लोकनाट्य हा प्रकार शहरी नाट्यगृहांत रुजण्यास या नाटकाची मोठी मदत झाली.

पार्श्वभूमी

तमाशाच्या पारंपरिक खेळात गण, गौळण, बतावणी आणि वग असे भाग क्रमाने येतात. त्यांपैकी वग म्हणजे गद्य संवाद, लावण्या आणि कटाव यांच्या साहाय्याने सांगितलेली कथा. राजा, प्रधान, कोतवाल, शिपाई आणि नर्तकी ही वगातील ठरलेली पात्रे होत. राज्याचे नाव, काळ आणि भूगोल यांना वगात फारसे महत्त्व नसते. दोन पावलांत राजवाडा येतो आणि एका गिरकीत प्रवास पुरा होतो.

स्वातंत्र्याच्या आगेमागे या लोककलेचा सामाजिक व राजकीय प्रबोधनासाठी वापर सुरू झाला. अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाला कामगार चळवळीशी जोडले आणि त्यांच्या खेळांना ‘लोकनाट्य’ हे नाव मिळाले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गावोगावी प्रयोग केले. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील यांसारख्या लेखकांनी या प्रकारासाठी लेखन केले, तर शाहीर साबळे यांनी ‘मुक्तनाट्य’ या नावाने स्वतंत्र वाट चोखाळली. सबनीसांचा वग याच परंपरेतला आहे.

वसंत सबनीस (१९२३–२००२) हे मूळचे सोलापूरचे. त्यांचे खरे नाव रघुनाथ दामोदर सबनीस होते. दादा कोंडके (१९३२–१९९८) मुंबईच्या गिरणगावात वाढले. सेवा दलाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांतून त्यांच्यातील नट घडला. ‘खणखणपूरचा राजा’ या लोकनाट्यातील त्यांचे काम सबनीसांना आवडले होते. पुढे कोंडके यांनी स्वतःची संस्था काढली आणि सबनीसांचा हा वग रंगमंचावर आणला.

कथानक

राज्यातील कोतवालाची जागा रिकामी होते. बरीच वर्षे चाकरी केलेल्या हवालदाराला या पदावर आपला हक्क वाटतो. मात्र प्रधान आपल्या नात्यातील माणसाला कोतवाल करतो. डावलला गेलेला हवालदार नव्या कोतवालाला अडकविण्याचा बेत आखतो आणि त्यासाठी नर्तकी मैनावतीची मदत घेतो. कोतवाल मैनावतीवर भाळतो. ती त्याच्यापुढे आपली ‘विच्छा’ मांडते: राजाचा छपरी पलंग तिला हवा असतो. चोर पकडणे हे ज्याचे काम, तोच कोतवाल राजाच्या महालात चोरी करावयास निघतो आणि हवालदाराने रचलेल्या सापळ्यात अलगद सापडतो.

‘विच्छा’ हे ‘इच्छा’ या शब्दाचे बोलीतील रूप आहे. छपरी पलंग म्हणजे वर छत असलेला पलंग. येथे तो राजवैभवाची खूण म्हणून येतो. कथेतील सर्व घडामोडी या पलंगाभोवती आणि कोतवालीच्या पदाभोवती फिरतात.

काल्पनिक राज्य आणि उपहास

हसविण्यासाठी काल्पनिक राज्य उभे करण्याची रीत इतर देशांच्या संगीत रंगभूमीवरही आढळते. योहान स्ट्राउस (धाकटा) याचा ‘इंडिगो आणि चाळीस चोर’ हा जर्मन भाषेतील ऑपेरेटा इ.स. १८७१ मध्ये व्हिएन्नात रंगभूमीवर आला. त्यातील इंडिगो हा एका पौर्वात्य राज्याचा राजा आहे. फ्रान्झ लेहार याच्या ‘आनंदी विधवा’ (१९०५) या ऑपेरेटात पाँटेवेड्रो नावाचे काल्पनिक बाल्कन राज्य असून त्याची तिजोरी रिकामी झालेली आहे. अशा कृतींत दूरच्या देशाचे नवल आणि तेथील रंगीबेरंगी पोशाख हा प्रेक्षकांच्या आकर्षणाचा एक भाग असे.

मराठी वगातील राज्य मात्र प्रेक्षकांना परके नसते. राजा व प्रधान ही पदे जुन्या काळातील असली, तरी बढती, बदली, वशिला आणि हाताखालच्या माणसाची घुसमट हे विषय प्रेक्षकांच्या रोजच्या अनुभवातले असतात. कथेतील राज्य कोणते हे स्पष्ट नसल्याने कोणाही सत्ताधाऱ्याचे नाव न घेता टीका करता येते आणि ती कोणाला उद्देशून आहे हे प्रेक्षक स्वतःच ओळखतात. तमाशाच्या संहिता सरकारी परीक्षणातून जात असल्यामुळे या आडपडद्याला व्यवहारातही महत्त्व होते.

या नाटकात सत्तेचा उपहास एकतर्फी नाही. अन्याय झालेला हवालदार अन्यायाची व्यवस्था बदलू पाहत नाही. त्याला त्याच व्यवस्थेतील वरची जागा हवी असते, आणि ती मिळविण्यासाठी तोही कपटाचाच मार्ग धरतो. त्यामुळे प्रेक्षक त्याच्या बाजूने हसत असले, तरी नाटकाचा शेवट सुव्यवस्थेचा विजय ठरत नाही.

प्रयोग

लिखित संहितेच्या चौकटीत नटांनी आयत्या वेळी संवाद रचणे हे तमाशातील बतावणीचे वैशिष्ट्य आहे. कोंडके यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. ताज्या राजकीय घटनांवरील शेरे आणि द्व्यर्थी विनोद प्रयोगागणिक बदलत असत, म्हणून तेच प्रेक्षक पुन्हा पुन्हा नाटकाला येत. काँग्रेस सरकारवरील टीकेमुळे नाटकाला राजकीय रंगही आला. त्यातील द्व्यर्थी विनोद काहींना अश्लील वाटला, तर काहींनी तो तमाशाच्या मूळ बाजाशी सुसंगत मानला. महाराष्ट्रभर त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले. पुढील काळात विजय कदम यांनी हवालदाराची भूमिका करून हे नाटक नव्या प्रेक्षकांपर्यंत नेले.

रूपांतर आणि प्रभाव

या वगाचे उषा बॅनर्जी यांनी केलेले हिंदी रूपांतर ‘सैंया भये कोतवाल’ या नावाने प्रसिद्ध आहे. आपलाच माणूस कोतवाल झाल्यावर भय कसले, अशा अर्थाच्या हिंदी म्हणीवरून हे शीर्षक घेतले असून ते कथेतील वशिल्याच्या सूत्राशी जुळते. हिंदी भाषक प्रदेशांतील अनेक नाट्यसंस्थांनी हे रूपांतर सादर केले आहे.

नाटकाच्या यशानंतर कोंडके चित्रपटांकडे वळले. भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) मध्ये त्यांनी काम केले. ‘सोंगाड्या’ (१९७१) हा त्यांची निर्मिती असलेला पहिला चित्रपट सबनीसांनीच लिहिला होता, आणि त्याची कथाही तमाशाच्या पार्श्वभूमीवरची आहे. भोळा दिसणारा, पण नेमके वर्मावर बोट ठेवणारा ग्रामीण नायक ही कोंडके यांच्या पुढील चित्रपटांची ओळख ठरली. तिची घडण या लोकनाट्यातील हवालदारापासून सुरू झालेली दिसते.